चाकांची खुर्ची आणि घरची मोटार

हिंगणघाट येथे १९१४ साली जन्मलेल्या बाबा आमटे यांना पाठीच्या कण्याच्या विकारामुळे बसणे अशक्य झाले होते. तरीही १९८५ साली कन्याकुमारीहून निघालेल्या ‘भारत जोडो’ अभियानात त्यांनी वाहनात आडवे राहून प्रवास केला. शरीराला सोयीचे वाहन असले, तर रुग्ण घराबाहेर पडू शकतो, हा त्यातील बोध होय.

आर्वी, आष्टीहून सेवाग्राम वा सावंगी येथे तपासणीस येणाऱ्या रुग्णांच्या कुटुंबीयांनी मोटार घेताना पुढील बाबी पाहाव्यात.

साध्या खुर्चीची घडी सुमारे ३० सेंटीमीटर जाडीची, परंतु उंची ९० सेंटीमीटरच्या आसपास असते. वजन १५ ते २० किलो भरते. त्यामुळे डिकीच्या खोलीइतकेच तिचे तोंडही मोजावे. डिकीचा काठ उंच असल्यास खुर्ची अधिक वर उचलावी लागते. डिकीत सीएनजीची टाकी असल्यास जागा उरत नाही. मागील आसन दुभागून दुमडणारे असल्यास खुर्ची व सोबती दोघांचीही सोय होते.

मोटारीचे आसन खुर्चीच्या आसनाशी शक्यतो समपातळीत असावे. आसन फार खाली असल्यास उठणे कठीण होते, फार उंच असल्यास चढणे. दार पुरेसे उघडणेही तितकेच आवश्यक आहे.

मोटारीतील खुर्ची पट्ट्याने बांधावी. अचानक ब्रेक लागल्यास ती प्रवाशांवर आदळू शकते.

खरेदीपूर्वी रुग्ण, खुर्ची आणि ती रोज उचलणारी व्यक्ती, तिघांनाही दुकानात न्यावे. बहुधा ती पत्नी वा वृद्ध माता असते. तिला खुर्ची सहज चढविता येईल, तीच मोटार योग्य समजावी.