पाणी नितळ आहे. पण निर्मळ आहे का?

पावसाळा सुरू झाला की दवाखान्यात जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढू लागतात. ‘पाणी कोणते पिता?’ असे विचारले, की ‘डॉक्टर, आमच्या बोअरचं पाणी काचेसारखं आहे,’ हे उत्तर ठरलेले. परंतु नितळ पाणी निर्मळ असेलच असे नाही.

पाण्यात मुख्यतः दोन दोष असतात. पहिला जंतूंचा. मैलापाणी मिसळल्याने पटकी, विषमज्वर, कावीळ पसरते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात ‘गुईलेन-बॅरे’ आजाराची साथ आली, तेव्हाही संशय दूषित पाण्यावरच गेला. पाणी खळखळून उकळल्यास जंतू मरतात. योग्य प्रमाणात क्लोरीन टाकून अर्धा तास थांबल्यासही बहुतेक जंतू नष्ट होतात.

दुसरा दोष क्षारांचा. नीरा डाव्या कालव्याखालील बारामती-इंदापूरच्या बागायती पट्ट्यात उसाला युरिया व भरपूर पाणी दिले जाते. त्यातील नत्र नायट्रेट होऊन विहिरी-बोअरमध्ये झिरपू शकतो. लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची मर्यादा आहे. त्याहून अधिक नायट्रेटच्या पाण्यात पावडरचे दूध कालवून तान्ह्या बाळाला पाजल्यास रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते. ओठ, नखे निळसर पडतात. जिवावरही बेतू शकते. येथे उकळणे उपयोगाचे नाही. पाणी आटते, नायट्रेट मात्र तेवढेच राहते, म्हणजे त्याचे प्रमाण उलट वाढते!

म्हणून दोष कोणता हे तपासणीनेच कळते. सार्वजनिक स्रोतांची पाहणी करून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल म्हणजे साथीचा धोका जास्त. आपल्या गावाचे कार्ड कोणते, हे ग्रामपंचायतीत जाऊन अवश्य विचारा. पाण्याचा अहवालही पाहा. जंतूंच्या तपासणीत पाणी ‘पिण्यास योग्य’ आहे का? नायट्रेट ४५ च्या आत आहे का? नळाच्या पाण्यात क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम आहे का? खाजगी बोअर असल्यास त्याचा नमुना स्वतः शासकीय प्रयोगशाळेत द्यावा.

आणि माताभगिनींनो, पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचे दूध पाजा. वरचे पाणी नको, घुटीही नको. बाळ निळसर दिसल्यास घरगुती उपायांत वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठा.