धायरीचा पाषाण व समुद्राची साक्ष

धायरीच्या टेकडीवरून आमच्या विद्यार्थ्यांनीं एकदां एक दगड आणिला. त्याच्या पोकळींत शिंपल्यासारखें कांहीं शुभ्र चकाकत होतें. "गुरुजी, येथें पूर्वीं समुद्र होता काय?" असें त्यांनीं विचारिलें. क्षणभर आम्हीही फसलों. परंतु भिंगाखालीं पाहतां तो स्फटिक निघाला. धायरीपासून सिंहगडापर्यंतचा हा काळा पाषाण म्हणजे सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वाहून थिजलेला लाव्हारस होय. त्यांत शिंपले कोठून असणार?

तथापि लाव्ह्याच्या दोन थरांमध्यें कधीं कधीं पुष्कळ काळ जाई. तळीं साचत, त्यांत जीव नांदत. नागपुराजवळ टाकळी येथें स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनरी विद्वानास १९ व्या शतकाच्या मध्यास अशा जागीं गोड्या पाण्यांतील गोगलगाईंचे शंख सांपडले. खाऱ्या पाण्याची साक्ष पाहिजे असल्यास मात्र आपल्या त्र्यंबकेश्वरीं उगम पावणाऱ्या गोदावरीच्या कांठानें थेट राजमहेंद्रीस गेलें पाहिजे. तेथील खाणींतल्या लाव्ह्याचे रासायनिक घटक सह्याद्रीच्या पाषाणाशीं जुळतात, आणि त्याच्या थरांमध्यें समुद्रकांठचा चुनखडक आहे.

त्या चुनखडकांत फोरॅमिनिफेरा नामक एकपेशीय जीवांचीं कवचें आढळतात. तीं सूक्ष्मदर्शकावांचून ओळखतां येत नाहींत. क्रिटेशस युगाच्या अखेरच्या गाळांत यांच्या मोठ्या, नक्षीदार कवचांच्या अनेक जाति दिसतात. राजमहेंद्रीच्या त्या मधल्या थरांत मात्र नव्या युगारंभींच्या मोजक्या, ठेंगण्या व साध्या जातीच उरल्या आहेत. हें कशानें झालें? लाव्ह्याबरोबर निघालेल्या कार्बन डायऑक्साइड वायूनें हवा तापली असावी व समुद्राचें पाणी आम्लधर्मी होऊन कवच घडविणें कठीण झालें असावें, असें कांहीं शास्त्रज्ञ म्हणतात. बहुतेक शास्त्रज्ञ मुख्य दोष मेक्सिकोंत चिक्शुलूब येथें आदळलेल्या अशनीस देतात. वाद अद्यापि मिटलेला नाहीं. एकावरच सर्व भार घालण्याची घाई आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं.

कोण वांचलें, हें मात्र कवचें स्पष्ट सांगतात. ज्यांस ठराविक उष्णता, ठराविक खोली व ठराविक अन्न लागे, त्या जाति गेल्या. ग्युंबेलिट्रिया नांवाचा क्षुद्र जीव मिळेल त्या पाण्यांत भागवी. तो टिकला, इतकेंच नव्हे तर ओसाड समुद्रांत बेसुमार वाढला. पूर्वींचें वैविध्य परत येण्यास पुढें लक्षावधि वर्षें लागलीं.