तात्यांनी फटफटी सोडली

फलटणजवळच्या एका गावातली ही गोष्ट. गावात सगळे त्यांना तात्या म्हणतात. वय ७६. तीस वर्षांहून अधिक काळ तात्यांनी फटफटी चालवली. बाजार असो, सोसायटी असो, लेकीचे गाव असो; किल्ली फिरवायची आणि निघायचे. कुणाची वाट पाहणे त्यांना ठाऊकच नव्हते.

कार्तिक महिना होता. दिवेलागणीची वेळ. तात्या बाजारातून परत येत होते. समोरून ट्रक आला. त्याच्या दिव्यांचा झोत डोळ्यांवर पडला आणि सगळे पांढरे झाले. ट्रक गेला, तेव्हा अगदी पुढ्यात उसाची बैलगाडी! गाडीच्या मागच्या बाजूला गाडीवानाचे पोर पाय सोडून बसले होते. तात्यांनी हँडल वळवले आणि ते बाजूच्या शेतात पडले. कोपर खरचटले, एवढेच. पोर वाचले.

दोन दिवस तात्या घरी काही बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मुलाला कळले.

"तात्या, आता किल्ली माझ्याकडं द्या."

"का? मी काय आता घरात खुंटीला टांगून घेऊ? लेकीकडं जायचं तरी तुला विचारू?"

तात्यांचा राग खोटा नव्हता. ज्याच्या हातातून गाडी जाते, त्याला आपले पायच गेले असे वाटते. घरच्यांनी हे ओळखावे. नुसती किल्ली काढून घेऊ नये.

सुनेने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. तात्यांना मोतीबिंदू होता. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. समोरचा उजेड त्यात पसरतो, म्हणून रात्री दिव्यांनी डोळे दिपतात. शस्त्रक्रिया झाली. तात्यांना स्वच्छ दिसू लागले. घरच्यांना वाटले, आता हे पुन्हा किल्ली मागणार.

पण तात्या म्हणाले, "डोळा सुधारला रे. पण मान मागं वळत नाही. आणि हातही पहिल्यासारखा चटकन चालत नाही."

हिशेब करून पाहा. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात ११ मीटर, म्हणजे सुमारे ३६ फूट जाते. ब्रेक दाबायला एक सेकंद उशीर झाला, तर ती ३६ फूट पुढे गेलेली असते. किती वयाला गाडी सोडावी, हे कायदा सांगत नाही. मात्र वयाच्या ५५ वर्षांनंतर परवाना एका वेळी पाचच वर्षांसाठी नवा करून मिळतो, आणि त्यासाठी डॉक्टरांचा दाखला लागतो. बाकीचे ज्याचे त्याने ठरवायचे. तात्यांनी ठरवले.

मग एस. टी. आली. म्हणजे ती होतीच. तात्यांच्या जन्माच्या आधीपासून होती. पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, गेली. पण तात्यांनी तिच्याकडे कधी नीट पाहिले नव्हते.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. लेक जेजुरीला. फाट्यावर लाल गाडी दिसली, पाटीवर 'पुणे' वाचले, तात्यांनी हात केला आणि चढले. कंडक्टर म्हणाले, "आजोबा, ही शिरवळ मार्गे जाते. जेजुरी लागत नाही. तुम्ही लोणंदला उतरा, तिथून जेजुरीची गाडी धरा."

तात्या साक्षरतेच्या वर्गात जातात. पाटीवरची मोठी अक्षरे त्यांनी वाचली होती. बारीक अक्षरांतले 'मार्गे' वाचायचे राहिले होते. एका गावाला दोन वाटांनी गाड्या जातात. म्हणून पाटी शेवटपर्यंत वाचावी.

तिकिटाचे पैसे मात्र पडले नाहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारने ७५ वर्षांवरील माणसांना एस. टी. चा प्रवास मोफत केला. ६५ ते ७५ वयाच्या माणसांना अर्धे तिकीट. मार्च २०२३ पासून बायांनाही अर्धे तिकीट. वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड जवळ ठेवावे. शहरातल्या बसगाड्यांचे नियम वेगळे असतात, ते तिथे विचारावेत.

सगळे सोयीचे झाले, असे म्हटले तर ते खोटे ठरेल. पावसाळ्यात एकदा ओढ्याला पाणी आले आणि गाडी आलीच नाही. तात्या दोन तास फाट्यावर बसून परत आले. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचे, तर मुलाला उठवावे लागते. हे तात्यांना अजून जड जाते. पण फाट्यावर त्यांना आता माणसे भेटतात. फटफटीवरून जाताना नुसता हात हलवायचे, आता बोलणे होते. परवा त्या गाडीवानाचे पोरही भेटले. शाळेत चालले होते. तात्यांनी त्याला खिडकीजवळ जागा दिली.

एक गोष्ट त्यांना उशिरा उमगली. स्थानकातल्या फलकावर दुपारनंतरची वेळ १३, १४, १५ अशी लिहितात. त्यातून १२ वजा करावे. १५:३० म्हणजे दुपारचे साडेतीन.

तात्यांनी घरच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवले आहे: फलटणहून शेवटची गाडी १९:१५. ती किती वाजता सुटते, सांगा बरे.