काकांची चित्रे गावासमोर मांडायची आहेत

प्रश्न : माझे काका चित्रकला शिक्षक होते. गेल्या वर्षी ते गेले. त्यांची जलरंगातली चित्रे विद्यार्थी, नातेवाईक यांच्याकडे विखुरली आहेत. प्रदर्शन कसे भरवू?
– एक वाचक, मोडनिंब (जि. सोलापूर)

उत्तर : आधी यादी करा, हॉल नंतर ठरवा. चित्र कोणाकडे आहे, आकार, साल आणि त्यामागची आठवण वहीत नोंदवा. जुन्या विद्यार्थ्यांना बोलते करा, मोबाइलवर रेकॉर्ड करा. चित्र घेताना लेखी पोच द्या आणि परतीची तारीख लिहा.

प्रत्येक चित्राचा फोटो फ्लॅश न वापरता, सावलीतल्या उजेडात काढा. क्रमांक मागच्या बाजूला कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने हलकेच टाका. बॉलपेनची शाई पुढे उमटते. फाटलेल्या कडेला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. चित्रे ओल आलेल्या भिंतीपासून दूर, आडवी ठेवा.

घरच्यांनी जपलेली चित्रे पुढे लोकांसमोर येतात, याचे उदाहरण म्हणजे चित्रकार रावबहादूर म. वि. धुरंधर. ते १९४४ मध्ये गेले. त्यांची चित्रे कन्या अंबिका धुरंधर यांनी जपली. २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात धुरंधरांचे मोठे प्रदर्शन भरले.

तुम्हाला शाळेचा हॉलही पुरेल. थेट ऊन येणारी भिंत टाळा, निवडक चित्रेच लावा आणि अभिप्रायाची वही ठेवा. चित्रांचा कॉपीराइट मृत्यूनंतर ६० वर्षे असतो. त्यामुळे छपाईपूर्वी सर्व वारसांची लेखी संमती घ्या. यादीला मात्र आजच सुरुवात करा.