दिवा लक्षण सांगतो, रोग नव्हे

कला शाखेच्या अंकात मोटारीचे काय काम, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. परंतु चालकासमोर डॅशबोर्डवर उजळणारी चिन्हे ही एक लिपीच आहे, आणि ती चुकीची वाचली तर त्याची किंमत मोजावी लागते. माझे वडील दुसऱ्याच्या मालकीची टॅक्सी चालवतात. इंजिन बसले की मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दिवा लागला तेव्हा तू काय करत होतास?"

या लिपीत रंगाला प्रथम महत्त्व आहे. लाल म्हणजे थांबा, पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या. हिरवा व निळा ही केवळ माहिती होय. निळा लागला की 'अप्पर' चालू आहे एवढेच समजावे.

सर्वांत जास्त गैरसमज तेलाच्या झारीच्या लाल चिन्हाविषयी आढळतो. पुष्कळांना वाटते की हा दिवा तेल कमी झाल्याचे सांगतो. वस्तुतः तो तेलाचा दाब सांगतो. तेल खुणेपर्यंत भरलेले असूनही पंप निकामी झाला किंवा बेअरिंगे झिजली तर दाब पडतो. कधी दाब ठीक असतो आणि दाब मोजणारा स्विचच बिघडलेला असतो. पण हे गाडी चालवत ठरवता येत नाही. दाब नसेल तर धातूवर धातू घासतो व काही मिनिटांत इंजिन जाम होते. म्हणून आधी इंजिन बंद करावे, थोडा वेळ थांबून मग पट्टी ओढून तेल पाहावे. वळणावर किंवा ब्रेक मारतानाच दिवा लुकलुकत असेल तर तेल कमी असण्याचा संभव अधिक, कारण उरलेले तेल एका बाजूला सरते. तेल पुरेसे असूनही दिवा जात नसेल, तर गाडी ओढूनच न्यावी. गॅरेजमध्ये स्विचच्या जागी दाबमापक लावला की खरे काय ते कळते.

बॅटरीचे चिन्हही असेच फसवे आहे. चालत्या गाडीत ते लागले तर दोष बहुधा बॅटरीचा नसतो, चार्जिंगचा असतो. अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा पाहावा. अनेक गाड्यांत तोच पट्टा पाण्याचा पंपही फिरवतो, तेव्हा बॅटरीपाठोपाठ तापमानाचा दिवा लागला तर पट्टा तुटला असे धरून चालावे. अशा वेळी गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये.

ब्रेकचा दिवा हँडब्रेक सोडूनही राहिला तर ब्रेक ऑइल उतरले असेल. पॅड झिजले की ते उतरतेच. नुसते ऑइल ओतून दिवा घालवणे म्हणजे झीज झाकणे होय.

पिवळ्या इंजिनाच्या चिन्हामागे संगणकात एक संकेतांक नोंदलेला असतो. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकते आहे. मात्र प्लग, कॉइल, इंजेक्टर की कॉम्प्रेशन, हे तो सांगत नाही. स्कॅनर लावून लगेच सुटा भाग बदलणारा कारागीर माझ्या मते अर्धाच वाचक आहे. हा दिवा मिचकावू लागला तर वेग कमी करून थांबावे, नाहीतर न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमधील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवून खराब करते.

चावी फिरवताच, इंजिन सुरू होण्यापूर्वी, तेलाचा व बॅटरीचा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू होताच गेला पाहिजे. जुनी गाडी घेताना हे अवश्य पाहावे. दिवा मुळीच लागत नसेल तर आतला बल्ब काढलेला असू शकतो.