करंजाच्या मुळांवरच्या गाठी

ठाण्याहून कोलशेतला खाडीच्या बाजूला जाल, तेव्हा एखादे जुने करंजाचे झाड दिसते का पाहा. पावसाळ्यात त्याच्या बुंध्याजवळ आपोआप उगवलेली रोपे कशी टवटवीत असतात! आता नव्या इमारतींच्या कडेला, मुरमाच्या भरावावर लावलेले करंजाचे रोप पाहा. पाणी मिळते, कुंपणही आहे, तरी काही महिन्यांत पाने पिवळी पडतात. असे एक सुकलेले रोप मी उपटून पाहिले. (मी भौतिकशास्त्र शिकवतो, एरवी मुळांकडे कशाला पाहीन?) मुळे अगदी गुळगुळीत होती. दुखणे तेच होते. करंजाच्या निरोगी मुळांवर गाठी हव्यात.

पाने पिवळी पडली, की बहुधा रोप नत्रासाठी उपाशी असते. गंमत पाहा, हवेत शेकडा ७८ भाग नत्रच आहे! पण नत्राचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने घट्ट धरून असतात. तो बंध तोडून खत करायला कारखान्यात सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या दाबाच्या दीडशेपट किंवा त्याहूनही जास्त दाब लागतो. मुळांवरच्या गाठीत राहणारे रायझोबियम जातीचे जीवाणू आणि त्यांचे भाऊबंद हेच काम मातीच्या साध्या तापमानात करतात. हॉलंडचे शास्त्रज्ञ बायरिंक यांनी १८८८ मध्ये असे जीवाणू गाठींतून वेगळे काढून वाढवले.

हे जीवाणू बियांतून येत नाहीत, मातीतून येतात. रोपाचे मूळ काही रसायने पाझरते. त्यांच्या ओढीने जीवाणू मुळावरच्या बारीक केसांना चिकटतात, केस वळतो, जीवाणू आत शिरतात आणि तेथे गाठ फुगते. रोप त्यांना साखर पुरवते, ते रोपाला नत्र देतात. मात्र नत्राचा बंध तोडणारे त्यांचे विकर प्राणवायूने निकामी होते, आणि श्वसनासाठी तर प्राणवायू हवाच! म्हणून गाठीत आपल्या रक्तातल्यासारखे एक तांबडे द्रव्य असते. ते प्राणवायू पकडून ठेवते व बेताबेताने सोडते. गाठ कापली, की आत गुलाबी दिसते ती त्यामुळेच.

आईच्या सावलीतल्या रोपाला हे पाहुणे आयते मिळतात. खणून आणलेल्या मुरमात ते मिळतीलच असे नाही. युरिया टाकून रोप हिरवे दिसेल खरे, पण भरपूर नत्र आयता मिळाला तर ते गाठी धरीत नाही.

शेंगा येणारे प्रत्येक झाड अशी सोयरीक जमवते असेही नाही. चिंच आणि बहावा यांच्या मुळांवर गाठी येत नाहीत. उलट कोकण किनाऱ्यावरचा सुरू शेंगांच्या कुळातला नसूनही फ्रँकिया नावाच्या जीवाणूंकडून नत्र मिळवतो. शिवाय गाठी न करता मुळांभोवती राहणारे जीवाणूही आहेत. काही वाढीची संप्रेरके सोडतात, त्यामुळे बाजूची मुळे जास्त फुटतात. काही मातीत अडकलेले स्फुरद विरघळवतात.

आता प्रयोग करा. जुन्या करंजाखालची दोन ओंजळी माती आणा. एक ओंजळ घरच्या मोठ्यांच्या मदतीने कुकरमध्ये अर्धा तास वाफवून गार करा. दोन पिशव्यांत सारखाच, वाफवलेला मुरूम भरा. एकीत वाफवलेली माती मिसळा, दुसरीत कच्ची. दोन्हींत करंजाचे बी लावा. शेणखत घालू नका. पिशव्या लांब ठेवा, नाहीतर पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर जीवाणू पलीकडे जातील आणि प्रयोग फसेल. पाणीही उकळून गार केलेलेच घाला.

पहिले काही आठवडे फरक दिसणार नाही, कारण करंजाचे बी मोठे असते आणि रोप त्याच्याच शिदोरीवर वाढते. तीन-चार महिन्यांनी पिशव्या पाण्यात बुडवून माती हलकेच सुटी करा. मुळे ओढू नका, गाठी तुटतात. गाठी मोजा, एक-दोन कापा. आत गुलाबी असेल तर काम चालू आहे. हिरवट किंवा करडी असेल तर ती गाठ संपली.