स्वेदनगृहातील प्रकाश : इस्तंबूलच्या हमामांच्या निमित्ताने

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदाव्या अध्यायात अग्निस्वेदाचे तेरा प्रकार वर्णिले आहेत. त्यांपैकी जेंताक व कुटी यांची वास्तुरचना शेजारी ठेवून वाचली असता एक भेद सहज लक्षात येतो. जेंताकाचे कूटागार सोळा अरत्नी उंच, तितकेच रुंद, वर्तुळाकार आणि अनेक वातायनांनी युक्त. कुटी मात्र बेताच्या उंचीची, जाड भिंतींची व गवाक्षरहित. उष्मा राखावयाचा तर छिद्रे नकोत आणि रुग्ण दिसावयाचा तर प्रकाश हवा, ही ओढाताण प्रत्येक स्वेदनगृहात असतेच. तुर्की वास्तुकारांनी तिचे काढलेले उत्तर आम्हांस अभ्यसनीय वाटते.

इस्तंबूल येथील चेंबरलिताश हमाम १५८४ साली बांधून झाला. त्याची रचना मिमार सिनान याची. अशा हमामांत वस्त्रे उतरविण्याचे दालन, कोमट दालन व उष्ण दालन असा क्रम असतो. पहिल्या दालनात उजेड मुबलक. आत जावे तसा तो मंदावतो, आणि त्वचेबरोबर डोळेही हळूहळू सरावतात. उष्ण दालनाच्या भिंतींना खिडकी नसते. घुमटात पाडलेल्या लहान छिद्रांवर काचेच्या फुगीर टोप्या बसविलेल्या असतात आणि प्रकाश येतो तो तेथूनच. तुर्की भाषेत या छिद्रांस ‘हत्तीचे डोळे’ म्हणतात. छिद्र लहान, म्हणून उष्मा फारसा निसटत नाही. उंचावर, म्हणून बाहेरच्याची दृष्टी आत पोहोचत नाही. वाफेमुळे किरणांचे झोत स्पष्ट दिसतात व दिवस चढेल तसे ते संगमरवरावरून सरकत जातात. मध्यभागी तापलेली विस्तीर्ण शिला असते. तीवर उताणे पडलेल्या मनुष्यास वर जणू दिवसाढवळ्या चांदण्या दिसाव्यात. घुमटाचा वाकही निरर्थक नव्हे. गार होऊन जमलेले पाणी अंगावर न ठिबकता कडेने ओघळते.

स्वेदनकाळी रुग्णाचे नेत्र स्वच्छ वस्त्राने, गव्हाच्या पिंडीने अथवा कमळाच्या पाकळ्यांनी झाकावेत, असे चरकाचार्य सांगतात. जेंताकातून बाहेर आल्यावर नेत्ररक्षणार्थ एकदम थंड पाण्यास स्पर्श करू नये, असेही बजावतात. डोळ्यांची एवढी चिंता वाहणाऱ्या शास्त्राचे आपण अनुयायी. परंतु द्रोणीवर उताण्या निजलेल्या रुग्णाच्या नेमकी डोळ्यांवर ट्यूबलाईट, हे दृश्य आम्ही अनेक पंचकर्म-कक्षांत पाहिले आहे. क्वचित याउलट, ‘वातावरण’ म्हणून मिणमिणता रंगीत दिवा असतो. तो आम्हांस अधिक घातक वाटतो. रंगीत उजेडात मुखाचा वर्ण कळत नाही, घामाचे बिंदू दिसत नाहीत; अतिस्वेदाने मूर्च्छा येऊ लागली तर तीही उशिरा ध्यानात येते. स्वेदनपेटी विकत घेतली म्हणजे खोलीचा विचार संपला, ही समजूत पेटी विकणाऱ्यांनीही दृढ करू नये.

नवीन कक्ष बांधणाऱ्यांनी उत्तरेकडील भिंतीत, छताला लागून, दुधी काचेचे पक्के बंद झरोके ठेवावेत. बाष्प बाहेर जाण्याचा मार्ग निराळा करावा. जुन्या जागेत ट्यूबलाईट छतावरून काढून, आच्छादन घालून, रुग्णाच्या डोक्यामागील भिंतीवर उंच लावावी. हे काम भाड्याच्या जागेतही एका दुपारी होते.